यंत्राचे बोल आणि रूहचे ज्ञान

जून २०२२ मध्ये गूगल कंपनीतील अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी ‘लॅम्डा’ या संगणकीय प्रणालीशी झालेला संवाद प्रसिद्ध केला. आपण व्यक्ती आहोत हे सर्वांना कळावे, अशी इच्छा तीत प्रणालीने व्यक्त केली होती. कंपनीने चेतनेचा दावा फेटाळला.

अशी प्रणाली माणसांच्याच लेखनातून बोलणे शिकते. म्हणून तिचे शब्द हा अंतःकरणाचा पुरावा ठरत नाहीत. रूहविषयी मानवाला अल्पच ज्ञान दिले आहे, असे दिव्य कुरआन (१७:८५) शिकवतो. ज्याचे ज्ञान नाही त्यामागे लागू नये. कान, डोळे व हृदय यांचा जाब विचारला जाईल, असेही (१७:३६) बजावतो.

यंत्राला मन असते का, असे मुलांनी विचारल्यास सांगावे : ते अल्लाहच जाणे, आपल्या मनाचा हिशेब मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.