थंडीतले ग्लिसरीन

थंडी पडू लागली की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि औषधांच्या दुकानात ग्लिसरीनला मागणी वाढते. रंग नाही, वास नाही, पाकासारखा दाट आणि चवीला गोड असा हा द्रव तेला-चरबीपासून मिळतो. साबण तयार करताना तो वेगळा निघतो.

पाणी ओढून धरणे हा ग्लिसरीनचा मुख्य गुण. त्वचा मऊ होते ती त्यामुळेच. पण इथेच पुष्कळांची चूक होते. कोरड्या हवेत नुसते दाट ग्लिसरीन चोळले, तर ते त्वचेच्या आतल्या थरांतील पाणी ओढू लागते आणि चेहरा चुरचुरतो. म्हणून एक भाग ग्लिसरीनमध्ये दोन भाग पाणी किंवा गुलाबपाणी मिसळावे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावावे आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. लिंबाचा रस घालण्याची घरोघरी पद्धत आहे. भेगांना तो झोंबतो, तेव्हा न घातलेला बरा. मधुमेहींनी खोल भेग डॉक्टरांनाच दाखवावी.

कानातला मळ मऊ करण्यासाठीही ग्लिसरीनचे थेंब टाकतात. मात्र कान वाहत असल्यास किंवा पडद्याला छिद्र असल्यास ते टाकू नयेत.

सुटे, कॅनमधले ग्लिसरीन स्वस्त पडते म्हणून काहीजण घेतात. ते घेऊ नये. १९८६ च्या सुरुवातीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे कारखान्यात वापरायचे द्रव्य दिसायला ग्लिसरीनसारखेच, चवही गोड. पण पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. एवढे होऊनही २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात याच जातीच्या विषाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधांमुळे लहान मुले दगावली. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कोणालाच ओळखता येत नाही. तेव्हा बाटली सीलबंद घ्यावी, तिच्यावर 'आय. पी.' ही अक्षरे, बॅच क्रमांक व मुदत पाहावी आणि पावती मागावी. तोंड आल्यावर बोटाने ग्लिसरीन लावणाऱ्यांनी तर हे पाहावेच.

जाता जाता एक. पाण्यात टाकायचे जांभळे पोटॅशियम परमँगनेट पुष्कळ घरांत असते. त्यावर ग्लिसरीन सांडले तर काडी न लावताही पेट घेते. या दोन बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत.