सील बदलण्याआधी गळतीचा उगम शोध

सातारा,
मे अखेर

चि. बाळ यास,


तुझं पत्र आणि गाडीच्या पोटाखालचे फोटो मिळाले. २००२ ची होंडा सिटी व्हीटेक तू घेतलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. २००० ते २००३ एवढीच वर्षं ती आपल्याकडे मिळाली. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि अंगानं हलकी. तिच्यानंतर आलेल्या सिटीत मायलेजवर भर होता आणि शक्ती ७७ वर आली, म्हणून जाणकार आजही जुनीच शोधतात. अशी गाडी हाती आली की तिची निगा राखण्याची जबाबदारीही येते.

गिअरबॉक्सखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो, असं तू लिहितोस. एकानं सांगितलं, तेल घालत राहा आणि चालव. दुसऱ्यानं गळती थांबवणारी बाटली सुचवली. तिसरा म्हणतो, दोन्ही एक्सल सील आजच बदलून टाकू. माझं म्हणणं या तिघांपेक्षा वेगळं आहे. तेल नेमकं कुठून येतं हे आधी शोध, त्या जागचं सील का हरलं हे मग शोध आणि त्यानंतरच पान्याला हात लाव.

सीलचं काम नाजूक असतं. लोखंडी कड्यात बसवलेली रबराची पातळ लिप फिरत्या शाफ्टला टेकलेली असते आणि मागची बारीक गोल स्प्रिंग तिला दाबून धरते. लिप आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिपातळ थर असतो, त्यावरच ती टिकते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर कडक होतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर लिप कोरडी पडते आणि पहिल्याच लांब प्रवासात ओल सुटते. तुझी गाडी आधीच्या मालकाकडे बराच काळ उभी होती, हे लक्षात ठेव.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. गिअरबॉक्स खालून-वरून डीग्रीझरनं स्वच्छ धू, पूर्ण वाळू दे, सांध्यांवर टाल्कम पावडर मार आणि गाडी अर्धा तास चालवून आण. मग टॉर्च घेऊन बघ. डाग पडतो ती जागा फसवी असते, कारण चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे दिसेल, तिथे उगम. वरच्या बाजूला पॉवर स्टिअरिंगचा पाइप आणि इंजिनाचं टॅपेट कव्हरही तपास. तिथलं तेल खाली ओघळून गिअरबॉक्सवर येतं आणि गिअरबॉक्सच्या नावावर विनाकारण बिल फाटतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं, घट्ट ग्रीस उडालेलं असेल, तर तो फाटलेला एक्सल बूट आहे, सील नव्हे.

या गिअरबॉक्सला गळायच्या जागा मोजक्याच. एक्सल जिथे आत शिरतात तिथली दोन सील, गिअर टाकण्याचा रॉड बाहेर येतो तिथलं छोटं सील आणि क्लचच्या बाजूचं इनपुट शाफ्टचं सील. रिव्हर्स लाइटच्या स्विचचा वॉशर आणि स्पीडोमीटरच्या सेन्सरची ओ-रिंगही बघ, ती कामं स्वस्त आणि सोपी आहेत. तेल बेल हाउसिंगच्या तळाशी ठिबकत असेल, तर मात्र गांभीर्यानं घे. तिथे गिअरबॉक्सचं इनपुट सील किंवा क्रँकचं मागचं सील, या दोघांपैकी एक गळत असतं आणि तेल क्लच प्लेटवर जाण्याची भीती असते. थेंब बोटावर घेऊन रंग आणि वास पारख. इंजिन ऑइल सहसा काळपट असतं आणि त्याला जळका वास येतो.

जागा सापडली की कारण शोध. गिअरबॉक्सच्या वर एक ब्रीदर असतो. तो चिखलानं बुजला तर गरम हवेला वाट राहत नाही आणि आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. त्यामुळे ब्रीदर साफ करणं हे पहिलं काम. तेल जास्त भरलं असेल तरी ते बाहेर वाट शोधतं. त्यानंतर एक्सल आतल्या टोकाशी धरून वर-खाली हलव. किंचित खेळ स्वाभाविक आहे. फार असेल, तर डिफरन्शिअलचं बेअरिंग झिजलेलं आहे आणि तिथे कितीही सील घातली तरी ती पुन्हा फाटतील. शेवटी, एक्सल बाहेर काढल्यावर सीलची लिप फिरते त्या चकचकीत पट्ट्यावर नख फिरव. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. नवं सील त्या खाचेवर टिकत नाही. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात किंवा आतला जॉइंट बदलतात.

एक्सल सीलचं काम तू चांगल्या फिटरबरोबर उभा राहून करून घेऊ शकतोस. क्रम मात्र पाळ. हबचा मोठा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल कर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नकोस, स्टँड लाव. तेल सोडण्याआधी भरण्याचा बोल्ट उघडतो का ते बघ. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो, आणि तेल सोडून बसलास पण भरायला वाट नाही, तर गाडी जागेवरच अडकते. एक्सल ओढून काढायचा नाही, ओढलास तर आतला सीव्ही जॉइंट सुटून येतो. आतल्या जॉइंटच्या मुळाशी टॉमी लावून हलकासा उचकटायचा. जुनं सील काढताना त्याच्या घरावर ओरखडा पडू देऊ नकोस, नाहीतर नव्या सीलच्या बाहेरून तेल झिरपेल. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपवर थोडं गिअरबॉक्सचंच तेल, आणि बरोबर मापाच्या सॉकेटनं ते सरळ, समतोल, जुन्याच खोलीपर्यंत बसवायचं. एक्सलच्या टोकाची रिंग, हबचा नट आणि तेलाच्या बोल्टांचे वॉशर नवेच घाल.

सील खरेदी करताना जुनं सोबत ने. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही मापं बहुतेक वेळा त्याच्यावरच छापलेली असतात. दोन बाजूंची सील सारखीच आहेत असं गृहीत धरू नकोस. दोन्ही एक्सल उलट बाजूंनी तोंड करून फिरतात, म्हणून लिपवरच्या बारीक रेषाही उलट असू शकतात. सीलवर बाण असेल तर तो पाळ. कंपनीच्या काउंटरवर मिळालं नाही तर मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात विचार. मात्र जुनं, कुणीतरी काढून ठेवलेलं सील कधीही घेऊ नकोस. रबराचं वय पाकिटातही वाढतं.

इनपुट शाफ्टचं सील गळत असेल, तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. मजुरीचा मोठा वाटा त्या उतरवण्या-चढवण्याचाच असतो. म्हणून त्याच वेळी क्रँकचं मागचं सील बदल आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तपासून घे. तेल लागलेली क्लच प्लेट पुसून परत बसवू देऊ नकोस.

तेलाच्या बाबतीत तडजोड नको. या गिअरबॉक्सला होंडाचं मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइडच घाल. गळती कमी दिसावी म्हणून जाड गिअर ऑइल भरलं तर थंडीत गिअर अडकतात आणि सिंक्रोनायझर त्रास सोसतात. बाटलीतलं औषध रबर फुगवून काही दिवस डाग थांबवतं, पण खाच, बेअरिंग आणि बुजलेला ब्रीदर तसेच राहतात. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की पुरे. काम होईपर्यंत दर आठवड्याला ही पातळी बघ. या गाडीचा जीव वरच्या फेऱ्यांत आहे, आणि अपुऱ्या तेलावर तशी चालवलीस तर गिअर आणि बेअरिंग दोन्ही जातील. काम होईस्तोवर तिला शांतपणे हाक.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुझ्या गाडीचं तेल रस्त्यावर सांडतं. पहिल्या पावसात त्यावर पाणी पडलं की खंबाटकी घाटाच्या वळणावर दुचाकीवाला घसरतो, आणि तो का पडला हे तुला कधी कळणारही नाही. गाडीचा शौक दुसऱ्याच्या हाडांवर होऊ नये. तसंच काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नकोस, डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे दे.

पावसाला फार दिवस उरले नाहीत. येत्या रविवारी गाडी धुऊन, पावडर मारून तपासणी कर आणि ओल कुठे दिसली ते मला कळव. पावसाआधी काम पुरं करून घे, आणि तोवर ती घाटात नेऊ नकोस. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा