मंदावलेला सर्व्हर

प्रश्न : आमच्या संस्थेचा अपाचे सर्व्हर सायंकाळी इतका मंदावतो की पान उघडण्यास अर्धा मिनिट लागते, प्रोसेसर मात्र रिकामाच दिसतो. मेमरी ४ जीबी आहे. नवा प्रोसेसर घ्यावा काय?

उत्तर : खरेदीचा विचार तूर्त तहकूब ठेवावा. प्रोसेसर स्वस्थ आणि तरीही काम तुंबलेले, हे लक्षण बहुधा डिस्कची वाट पाहत बसल्याचे असते. म्हणून ऐन गर्दीच्या वेळी 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा चालवून 'एसआय' व 'एसओ' हे रकाने न्याहाळावेत. ते सतत शून्याहून अधिक असल्यास मेमरी अपुरी पडून तिचा भार डिस्कवर उतरत आहे, असे खुशाल समजावे. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत प्रत्येक जोडणीस स्वतंत्र प्रक्रिया लागते व 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स'ची मूळ मर्यादा २५६ असते. पीएचपीसह एकेक प्रक्रिया ६० एमबी व्यापू लागली, तर एकूण मागणी १५ जीबींवर जाते, आणि आपल्या खजिन्यात अवघे ४! डेटाबेससाठी दीड जीबी राखून ही मर्यादा ३५ वर आणावी. काही अभ्यागत क्षणभर रांगेत तिष्ठतील, परंतु सर्वांचाच खोळंबा होणार नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा लोकप्रिय तोडगा मात्र पुरावाच नष्ट करतो. रकाने शून्यच राहिले, तर मायएसक्यूएलमधील मंद प्रश्नांची नोंदवही उघडून तिची १० सेकंदांची मूळ मुदत १ वर आणावी.