कपाशीवरील रसशोषक किडी व हवामान

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेंत मोडतो. येथें पाऊस मुळांतच थोडा, त्यांत त्याचे लांब खंड पडतात, आणि पुष्कळसा भाग सप्टेंबरांत येतो. कपाशीचा रस शोषणाऱ्या किडींची वाढ ह्या खंडांवर व सरींवर अवलंबून असते. ती कशी, हें येथें थोडक्यांत सांगतों.

मावा. ढगाळ व दमट हवेंत हा झपाट्यानें वाढतो. मादी नरावांचून पिलें देते. पानें मुडपतात, चिकटा पडतो व त्यावर काळी बुरशी धरते. मात्र जोराची सर आली कीं मावा धुवून जातो.

तुडतुडे. हे तिरपे चालतात. ऊन-पाऊस आलटून पालटून चालू असतां, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, ह्यांचा जोर असतो. पानांच्या कडा प्रथम पिवळ्या, मग तांबड्या होतात. लवदार पानांच्या जातींस उपद्रव कमी होतो.

फुलकिडे. पाऊस ताणला व हवा तापली कीं हे वाढतात. पानांची खालची बाजू चंदेरी दिसूं लागते.

पांढरी माशी. पावसाळा सरतां सरतां, कोरड्या व उबदार हवेंत हिची संख्या वाढते.

2002 सालीं आपल्या देशांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. परंतु ती बोंडअळीकरितां आहे, रसशोषक किडींस तिची बाधा नाहीं.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पर्जन्यमापकाचे आंकडे नेमानें लिहिले, पण स्वतःच्या शेतांत त्यांचा उपयोग केला नाहीं. एके वर्षीं ठरलेला वार म्हणून फवारणी केली. सायंकाळीं मोठी सर आली. औषधही गेलें व मावाही गेला. मावा तर फुकटच जाणार होता!

व्यर्थ फवारणीनें पैसाच जातो असें नाहीं. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. मजूर आपल्या शब्दावर पंप पाठीशीं घेतो, हें मालकानें विसरूं नये.

म्हणून आठवड्यांतून एकदां 20 झाडें पाहावीं व पानांची खालची बाजू तपासावी. दर पानीं सरासरी मावा 10, तुडतुडे 2 ते 3, फुलकिडे 10, अथवा पांढऱ्या माश्या 8 ते 10 आढळल्यासच उपाय योजावा. आरंभीं 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो, व ढालकिड्यासारखे मित्रकीटकही बऱ्याच अंशीं वांचतात. युरिया बेतानें द्यावा. लुसलुशीत पाल्यावर ह्या किडी अधिक येतात.

प्रत्येकानें पावसाची व किडींची नोंद एकाच वहींत समोरासमोर ठेवावी. दोन-तीन वर्षांत आपल्याच शेताचा नियम आपणांस कळूं लागेल.