रुजू होण्याआधी

विजापूर रोड, सोलापूर

चि. भाचेबुवा यांस,


तुझ्या नेमणुकीच्या आदेशाचा फोटो तुझ्या आईने पाठवला. फार आनंद झाला. आता लगेच कामाचं लिहितो, कारण लांबण लावलेली तुला खपत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण ऐकलेलं तुझ्याकडून निसटतं आणि वाचलेलं वर्षानुवर्षं टिकतं. मोघम काही लिहिणार नाही. जिथे नियम असेल तिथे नियम सांगेन, जिथे नुसतं माझं मत असेल तिथे तसं म्हणेन.

आदेशात पद आहे, वेतनस्तर आहे, किती दिवसांत हजर व्हायचं ते आहे. तुला काम कोण शिकवणार हे कुठेच नाही. माझी उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली. असे आदेश मीच काढत होतो, आणि ते त्यांत कधीच नसायचं. नव्या कारकुनाने शेजारच्या टेबलाकडे बघून शिकायचं, ही आपली रीत. बहुतेकांचं त्यात भागतं. डबा खाताना, चहाला जाताना कोण काय बोललं त्यावरून ते काम उचलतात. तू स्वमग्न आहेस, तुझं त्यात भागणार नाही, आणि त्यात तुझा दोष काही नाही. म्हणून सांगतो: रुजू झाल्यावर लवकरच शिकवणारा माणूस मागून घे, आणि लेखी मागून घे.

हे मागणं जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये 1994 पासून ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे. स्वमग्न, एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया असलेल्या नोकरदाराला तिच्यातून प्रशिक्षक मिळू शकतो, आणि त्याचे पैसे सरकार देतं. दिवसाचं काम कसं आखायचं, अडलं तर वरिष्ठाला कसं सांगायचं, ईमेलचा ढीग कुठून उपसायला घ्यायचा, असली कामं तो करून घेतो. अलीकडे तिथेही अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. प्रलंबित प्रकरणं ही काही आपलीच मिरास नाही. अमेरिकेने 1986 च्या कायदादुरुस्तीत, आधी नोकरी द्यायची आणि मग तिथेच शिकवायचं, या पद्धतीला सरकारी पैसा दिला. जपानने 2002 मध्ये असे प्रशिक्षक, म्हणजे जॉब कोच, नेमायला सुरुवात केली. तिथे तीन प्रकारचे कोच असतात: सरकारी केंद्रातून येणारे, सामाजिक संस्थांतून येणारे, आणि त्याच कंपनीतले, प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी. हा तिसरा प्रकार ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे. सगळ्यांची चाल मात्र सारखी. सुरुवातीला कोच खूप वेळ सोबत असतो, मग आठवड्यातून डोकावतो, मग बोलावलं तरच येतो. आपली गरज संपवणं हेच त्याचं काम.

आपल्याकडे वाट उलटी पडली. 1968 मध्ये मुंबईत व्यावसायिक पुनर्वसन केंद्र निघालं, पण भर राहिला तो केंद्रात शिकवून बाहेर पाठवण्यावर. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, पण नोकरीतल्या राखीव जागेसाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची वाट बघावी लागली. तो 19 एप्रिल 2017 ला लागू झाला. प्रकार 21 झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. तुझी खुर्ची त्या एका टक्क्यातली आहे. तुझ्या एडीएचडीवाल्या मित्राला तेवढंही नाही, कारण त्या 21 मध्ये एडीएचडीचं नावच नाही.

पैसा कुठे गेला तेही बघ. खाजगी मालकांनी दिव्यांगांना कामावर घ्यावं म्हणून केंद्राने 2008 मध्ये योजना काढली: मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा पहिली तीन वर्षं सरकार भरणार. म्हणजे सवलत मालकाच्या खात्यात, आणि कामगाराच्या शेजारी बसणाऱ्या माणसासाठी काही नाही. माझं मत: आपल्या सरकारने खुर्ची दिली, खुर्चीवर बसायला शिकवण्याचं खातंच उघडलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, चांगलं केलं. 2011 चं राज्य प्रशिक्षण धोरणही आहे. कर्मचाऱ्याला पायाभूत प्रशिक्षण द्यायचं हे त्याने मान्य केलेलंच आहे. तुझ्यासारख्याला ते वर्गातल्या फळ्यासमोर न देता टेबलाशी बसून दिलं, तर मला वाटतं नवीन योजनाही लागणार नाही. पण मी निवृत्त माणूस, माझं टिपण आता कोण वाचतो?

तेव्हा सरकार कोच पाठवेल म्हणून वाट बघू नकोस. जपानचा तो तिसरा प्रकार आपल्या कार्यालयात आपणच उभा करायचा. त्याला कायद्याचा आधार आहे. 2016 च्या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी दिल्याच पाहिजेत. त्या कोणत्या, हे साहेबाने एकट्याने ठरवायचं नसतं. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सोय त्या त्या व्यक्तीशी संवाद करून ठरवायची असते. हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक मिळावा, एवढाच तो वाद होता; निकाल मात्र तुझ्या टेबलापर्यंत पोचतो. कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. हे कलम पाठ करून ठेव आणि पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नकोस. कायदा माहीत असलेला नवा कारकून कुठल्याच कार्यालयाला आवडत नाही.

आता माणूस कसा निवडायचा. सगळ्यांत हसतमुख असेल तो नको. त्याच्याभोवती सतत माणसं असतात. साहेबही नको, त्यांना वेळ नसतो आणि ते बदलून जातात. ज्याच्या टेबलावरचे गठ्ठे सरळ असतात, तो किंवा ती बघ. पूर्वीपासून आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत आहे: चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, ठरावीक मुदतीची, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि नष्ट करायची. ज्याने ती मनापासून पाळली, त्याला काम टप्प्याटप्प्याने सांगता येतं. ज्याचं सगळं ‘डोक्यात असतं’, तो माणूस कितीही हुशार असो, तुला शिकवू शकणार नाही. एक आठवडा नुसतं बघ, मग नाव ठरव, त्या व्यक्तीला आधी विचार, आणि मग अर्जात लिही.

ही गठ्ठ्यांची पद्धत तुझ्यासाठीच घडवल्यासारखी आहे. 1980 च्या दशकात शेजारच्या अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची मांडणी, अभिलेख, कामाचे टप्पे सगळं सोपं आणि नीटनेटकं करून घेतलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून त्याचा पुढे बराच बोलबाला झाला. त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी स्वमग्न कर्मचारी नव्हता. कामाचा उरक व्हावा आणि आलेल्या माणसाला हेलपाटे पडू नयेत, एवढाच हेतू. पण तू जे मागणार आहेस ते यापेक्षा वेगळं नाही. कुणी विचारलं की ‘याला एकट्यालाच का लिहून द्यायचं’, तर सांग, सगळ्यांनाच द्या.

अर्जात ‘सहकार्य मिळावे’ असलं काही लिहू नकोस. त्या वाक्यावर ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा पडतो. हवं ते मोजता येईल असं लिही. पहिले सहा महिने ठरलेला एक मार्गदर्शक. तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी दोन ओळींत लेखी. शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं: या आठवड्यात काय बरोबर झालं, काय चुकलं. टेबल किंवा काम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सूचना. फोन आणि अभ्यागतांचं काउंटर सुरुवातीला नको. रस्त्याकडच्या खिडकीची जागा नको. हे शेवटचं विसरू नकोस. सोलापुरात वर्षभर कुठली ना कुठली मिरवणूक असते आणि तिच्या आवाजाने काचा थरथरतात.

मार्गदर्शकाकडून काय शिकायचं? टिपणी लिहायला तू महिन्यात शिकशील. शासन निर्णयांचे क्रमांक तुला साहेबांपेक्षा जास्त पाठ होतील, याबद्दल मला शंका नाही. शिकायचं आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. साहेब म्हणाले ‘बघतो’, तर बहुतेक वेळा ते बघणार नसतात. आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं. ‘जरा बघून घ्या’ म्हणजे वाचून परत देऊ नका, निर्णय लावून आणा. ‘सवडीने करा’ असं सकाळी म्हणाले तर संध्याकाळपर्यंत हवं असतं. ‘फाईल सापडत नाही’ याचे दोन अर्थ असतात, आणि कुठला ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तुला चेहऱ्यावरून कळणार नाही. तेव्हा मार्गदर्शकाला सरळ विचार, ‘याचा अर्थ काय?’ आणि वहीत लिहून ठेव. अशी वही मी ठेवली असती तर माझ्यानंतरच्यांचं भलं झालं असतं. बाकीचे वीस वर्षांत जे अंदाजाने शिकतात ते तुझ्याकडे पानावर असेल.

एका बाबतीत मात्र अंदाज नको, पक्का नियम. कुणी म्हणालं, ‘तू नुसती सही कर, बाकी आम्ही बघतो’, तर सही करायची नाही. तू लोकांचं बोलणं खरं धरून चालतोस. हा तुझा चांगला गुण आहे, आणि सरकारी कार्यालयात त्याचा फायदा घेणारा कुणीतरी भेटतोच. न वाचलेल्या कागदावर सही नाही, मागची तारीख नाही, दुसऱ्याच्या लॉगिनवर काम नाही, आपला पासवर्ड कुणाला नाही. ‘चहापाणी’ हा शब्द अभ्यागताच्या तोंडून आला तर तो चहाबद्दल बोलत नाहीये. ‘नको’ म्हणून उठून मार्गदर्शकाच्या टेबलाशी जा. नंतर मला कळव.

स्वमग्नतेचं कुणाला सांगायचं? आस्थापनेच्या नोंदीत ते आहेच. इतरांना सांगावं की नाही, हे तू ठरव. आईने किंवा मी नाही. माझं मत एवढंच की नाव सांगण्यापेक्षा गरज सांगितलेली लोकांना लवकर समजते. ‘दोघं एकदम बोललात तर मला ऐकू येत नाही, एकेक बोला’ हे वाक्य शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळतं.

खोलीचं बघतो आहे. पूर्व भागात भाडं कमी आहे, पण यंत्रमागांचा खडखडाट तुला झोपू देणार नाही. जुळे सोलापूरला शांतता आहे; तिकडून जाण्यायेण्याचा रस्ता आपण दोन रविवार चालून बघू. सिटी बसच्या भरवशावर राहू नकोस. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 42-43 अंशांवर जातो, म्हणून डबा सोबत, बाहेर पडणं नाही.

तुझ्या आईला वेगळं लिहिलं आहे. बार्शीहून येऊन तिने रोज कार्यालयाच्या व्हरांड्यात बसू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ती चिडेल. शाळेपासून तुझी कोच तीच होती, सरकारने तिला कधी एक पैसा दिला नाही, आणि आता मी तिला घरी बस म्हणतोय. पण कोचने कधीतरी निघायचं असतं हे तिलाही लागू आहे. हे तू तिला सांगू नकोस, मीच सांगेन.

सोबत अर्जाचा मसुदा जोडला आहे. तिसऱ्या परिच्छेदात जागा मोकळी सोडली आहे. कोणत्या गोष्टींनी तुझं काम अडतं ते तिथे तुझ्या शब्दांत लिही, पाच ओळींपेक्षा जास्त नको. मार्गदर्शकाचं नाव पहिल्या आठवड्यानंतर भर. दोन प्रती काढ. एक आवक शाखेत दे आणि दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. ‘ठेवून जा, नंतर मारतो’ असं म्हणतील. याचा अर्थ काय, ते वर लिहिलेल्यावरून तू काढशील.

तुझा,
मामा