जुन्या माळवदाच्या वाड्यात धान्य साठवण्यापूर्वी

मराठवाड्यात गावोगावी माळवदाचे जुने वाडे ओस पडले आहेत. दुसरीकडे तुरीची व हरभऱ्याची पोती ओसरीत ताडपत्रीखाली असतात. जाड दगडी भिंतींची खोली उन्हाळ्यात थंड राहते, म्हणून साठवणीस ती चांगली. परंतु आधी छताकडे पाहावे.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर खारी माती टाकण्याची आपली रीत आहे. जुनी माती मात्र कोणी काढत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खणावर फूटभर मातीचा थर म्हणजे साधारण साडेचार टन ओझे, भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हेच ओझे आणि फुटलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या.

म्हणून काम उन्हाळ्यात घ्यावे. प्रथम तुळयांना खालून टेकू द्यावेत. नंतर माती सर्व छतावरून सारखी, थराथराने उतरवावी. एका कडेला ढीग करू नये. वीतभर थर ठेवून खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. लाकडी खांबांच्या बुडाशी टोकदार पहारीने टोचून पाहावे. पहार सहज आत गेली तर वाळवीने किंवा ओलीने खांब पोखरला आहे असे समजावे. खांब व तुळई यांच्या कोनात तिरका लाकडी आधार ठोकावा.

भिंतीला ओळंबा लावावा. या भिंती दोन तोंडांच्या असून मध्ये खडी-माती भरलेली असते. पोट सुटले असेल तर दोन्ही तोंडे विलग झाली आहेत. तेवढा भाग वरून उतरवून पुन्हा रचावा आणि दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बसवावा.

सांधे चुन्यानेच भरावेत. आमच्या घरी हौसेने आतून सिमेंटचा गिलावा केला. जमिनीतली ओल भिंतीत अडकली, दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटला आणि भिंतीलगतच्या तुरीला बुरशी लागली. चूक आमचीच. भिंतीबाहेरची जमीन उताराची करून पाणी दूर काढणे हे खरे तर पहिले काम होते.

ज्वारी १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलावा येईपर्यंत व कडधान्य त्याहून थोडे जास्त वाळवावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर रचावीत. त्याच खोलीत जनावरे बांधू नयेत. गोमूत्रातील क्षारांनी चुना झडतो. धुरी देण्याच्या गोळ्या राहत्या वाड्यात वापरू नयेत, त्यांचा वायू माणसाचाही जीव घेतो.

निम्म्याहून अधिक भिंती फुगल्या असतील तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. वाडा वरून खाली उतरवावा. त्याच दगडांचा कमरेएवढा ओटा घालून वर पत्र्याचे हलके छप्पर केले, तर गुरांचा गोठा होतो.