जुन्या मालमोटारीचा सांगाडा : नेहमीचे बिघाड व त्यांची दुरुस्ती

उसाची तोड झाल्यावर तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जाणे हिताचे असते. उशीर झाल्यास उसाचे वजन घटते व साखरेचा उताराही कमी होतो. अशा वेळी भरलेली मालमोटार पाटा तुटून वाटेत उभी राहिली, तर शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते. रात्रीच्या वेळी रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीमुळे जीवितासही धोका संभवतो. जुनी मालमोटार घेणारे शेतकरी इंजिनाची काळजी घेतात. परंतु ज्यावर सारा भार पडतो त्या सांगाड्याकडे, म्हणजेच चासीकडे, त्यांचे दुर्लक्ष होते. पुढील बिघाड वेळीच ओळखल्यास मोठा खर्च टळतो.

१. कमानपाटे

पाटे बहुधा मधल्या बोल्टाच्या छिद्रापाशी तुटतात. याचे मुख्य कारण म्हणजे सैल झालेले यू-बोल्ट. मधला बोल्ट पाट्यांना व आसाला केवळ जागेवर ठेवतो. त्यांना आवळून धरण्याचे काम यू-बोल्टांचे असते. ते सैल पडले की पाटे छिद्रापाशी वाकू लागतात, मधला बोल्ट कापला जातो व आस मागेपुढे सरकतो. मग गाडी रस्त्यावर तिरकी चालते आणि टायर लवकर झिजतात. दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोरीने मोजावे. त्यात फरक आढळल्यास आस सरकला आहे असे समजावे.

तुटलेला पाटा वेल्डिंगने कधीही जोडू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते व पाटा पुन्हा तुटतो. नवा पाटा बसविल्यावर दोन्ही बाजूंची कमान सारखी आहे का ते पाहावे. यू-बोल्ट गाडीचा भार चाकांवर असताना आळीपाळीने, समोरासमोरचे नट घेऊन आवळावेत. भरलेल्या गाडीची पहिली खेप झाल्यानंतर ते पुन्हा आवळावेत.

२. सांगाड्यास पडणारे तडे

तडा बहुधा छिद्राच्या कडेपासून, जुन्या वेल्डिंगपासून किंवा पाट्यांच्या ब्रॅकेटपासून सुरू होतो. सांगाडा स्वच्छ धुऊन तपासावा. रिव्हेटाभोवती तांबूस भुकटी दिसल्यास ते रिव्हेट सैल झाले आहे असे जाणावे. ते काढून छिद्र नीट करून घ्यावे व त्यात घट्ट बसणारा उत्तम प्रतीचा बोल्ट घालावा.

तडा जोडताना प्रथम त्याचे टोक शोधून तेथे लहान छिद्र पाडावे. त्यामुळे तडा पुढे सरकत नाही. नंतर तड्यावर खाच पाडून वेल्डिंग करावे व वरचा भाग घासून सपाट करावा. बाहेरून जोडपट्टी द्यावयाची असल्यास तिची टोके तिरकी कापावीत. सरळ कापलेल्या टोकापाशी नवा तडा पडतो. तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करू नये. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे व त्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात.

३. किंगपिन व बुश

स्टिअरिंग हलके न राहणे, पुढची चाके थरथरणे व टायर एका बाजूने झिजणे ही किंगपिन झिजल्याची लक्षणे होत. पुढचे चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. ढिलाई आढळल्यास सहाय्यकास ब्रेक दाबावयास सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बुश झिजले आहेत. ग्रीस भरतानाही चाक उचललेले असावे, म्हणजे ते भाराच्या जागेपर्यंत पोचते.

४. प्रोपेलर शाफ्ट

गाडी सुटताना 'कट्' असा आवाज येत असल्यास सांध्याचा क्रॉस झिजलेला असण्याचा संभव असतो. शाफ्ट काढण्यापूर्वी सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर खूण करावी व जोडताना त्या खुणा जुळवाव्यात. त्या न जुळल्यास गाडी थरथरते व मधले बेअरिंग खराब होते.

५. चाकांचे नट

अनेक जुन्या मालमोटारींत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे न जाणता जोर केल्यास बोल्ट तुटतात. चाक बदलल्यावर थोडे अंतर चालून नट पुन्हा तपासावेत.

सुरक्षिततेचा नियम

केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक कलंडला तर माणूस क्षणात चिरडला जातो. जमीन मऊ असल्यास जॅकखाली जाड फळी ठेवावी, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावावेत व सांगाड्याखाली भक्कम घोडी द्यावी.

वरील बहुतेक बिघाडांचे मूळ अतिभारात असते. नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या वजनाहून अधिक माल भरून वाचविलेली एक खेप पुढे सांगाड्याच्या दुरुस्तीत दामदुपटीने फेडावी लागते. हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडी एक दिवस उभी करून या पाच बाबी तपासाव्यात. ग्रामसेवकांनी वाहनधारकांस एकत्र करून गावातील जाणत्या कारागिराकडून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी.